कळतं गं!

गाडी शिकले तेव्हा माझं वय 39 होतं आणि शिकवायला दादा होता. क्लच किती सोडायचा, गिअर कधी टाकायचा, आरसे कसे लावायचे हे सगळं त्याने मन लावून शिकवलं. पंचाईत झाली ती पुढे, रहदारीत शिरल्यावर. एका चौकात मी थांबले होते. आडव्या रस्त्याने एक गाडी येत होती, तिला आधी जाऊ द्यावं असा माझा विचार, तेवढ्यात दादा म्हणाला, “जा, जा, तो थांबतोय.” गेले. तो खरंच थांबला. पुढच्या चौकात पुन्हा तशीच गाडी, साधारण तेवढाच वेग. या वेळी मी सांगायची वाट न बघता क्लच सोडायला लागले, तर दादा ओरडला, “थांब! हा नाही थांबायचा!” तो नाही थांबला.

“तुला कसं कळलं?”

“कळतं गं.”

“अरे पण कशावरून?”

“आता काय सांगू? कळतं!”

पुढचे दोन महिने माझ्या बहुतेक प्रश्नांना हेच उत्तर मिळालं. दादा काही लपवत होता असं नाही. त्याला खरंच सांगता येत नव्हतं. 25 वर्षं रोज जी गोष्ट तो बिनचूक करत आला होता, ती नेमकी काय आहे हे त्याला कधी कुणी विचारलंच नव्हतं.

मी तेव्हा नियमांची फार पक्की होते. मोठेपणी काही शिकायला घेतलं की असंच होतं. हातापायांत काही मुरलेलं नसतं, म्हणून सगळं डोक्यात भरून ठेवायचं. थांबायच्या रेषेवर मी चाकं पूर्ण थांबवायची. पुढच्या गाडीपासून पुस्तकात सांगितलंय तेवढं अंतर ठेवायची, आणि त्या अंतरात दर वेळी कुणीतरी घुसायचं. मग मी पुन्हा अंतर ठेवायची, पुन्हा कुणीतरी घुसायचं. एकदा वाटलं, आपण पुढे चाललोय की मागे?

तिसऱ्या आठवड्यात सिग्नल पिवळा झाला, मी थांबले आणि मागून धाडकन आवाज आला. मागच्या गाडीतले गृहस्थ उतरले. चिडलेले नव्हते, गोंधळलेले होते. माझ्याकडे बघत म्हणाले, “मला वाटलं तुम्ही जाल.” घरी आल्यावर दादाने मागचा पोचा बघितला आणि निकाल दिला, “चूक त्याची. पण तूही अशी कशी थांबलीस?”

काही वर्षांनी विनाचालक गाड्यांबद्दल वाचायला लागले तेव्हा मला हसू आलं, कारण मी तर त्यांची बहीणच निघाले. कॅलिफोर्नियात अशा गाड्यांची चाचणी घेणाऱ्या कंपन्यांना प्रत्येक टक्करीचा अहवाल सरकारला द्यावा लागतो. त्यातल्या कितीतरी अहवालांची गोष्ट एकच आहे: आमची गाडी थांबली होती किंवा वेग कमी करत होती, आणि मागून एका माणसाने येऊन ठोकलं. चूक मागच्याची, हे कागदावर स्पष्ट. पण तूही अशी कशी थांबलीस?

त्यांची चौकातली गोष्ट तर हुबेहूब माझी. 2009 मध्ये गूगलची चाचणी-गाडी एका चौकात अडकून बसली. अमेरिकेत असे चौक असतात जिथे चारही बाजूंना थांबण्याची पाटी असते. प्रत्येकाने पूर्ण थांबायचं आणि जो आधी आला त्याने आधी निघायचं. गाडी थांबली आणि बाकीचे पूर्ण थांबण्याची वाट बघू लागली. बाकीची होती माणसं. माणूस अशा ठिकाणी थांबल्यासारखं करतो आणि हळूहळू नाक पुढे काढत राहतो. गाडीच्या लेखी कुणीच थांबलेलं नव्हतं, त्यामुळे तिची पाळी काही येईना.

2015 मध्ये अमेरिकेतल्याच ऑस्टिन शहरात याहून गंमत झाली. एक सायकलवाला चौकात पाय न टेकवता तोल सावरत उभा होता. अशा वेळी सायकल बोट-दोन बोटं पुढे-मागे होत राहतेच. सायकल जरा पुढे सरकली की गूगलची गाडी थांबे, स्थिर झाली की निघू बघे, पुन्हा सरकली की पुन्हा थांबे. जवळपास दोन मिनिटं दोघांचा हा नाच चालला होता म्हणे.

इंजिनीअरांनी काढलेला उपाय मला फार आवडला. त्यांनी गाडीला चौकात जरासं पुढे सरकायला शिकवलं. वीतभर पुढे. कुठे पोचण्यासाठी नव्हे, ‘आता मी निघतेय बरं का’ एवढं सांगण्यासाठी. म्हणजे गाडीला त्यांनी बोलायला शिकवलं! रस्त्यावर आपण किती बोलतो हे मला तोवर लक्षातच आलं नव्हतं. वेग जरा कमी केला की ‘या’. तसाच ठेवला की ‘थांबा’. इंडिकेटर न देता लेनच्या कडेला सरकलं तरी मागच्याला समजतं, हा आता वळणार. डिपरचे तर निदान तीन अर्थ असतात, ‘जा’, ‘येऊ नको’ आणि ‘अहो, तुमचे हेडलाइट’, आणि तिन्ही वेळा दिवा लुकलुकतो तो सारखाच. ही भाषा कुठल्याही पुस्तकात नाही. दादाला पहिला गाडीवाला थांबणार हे कळलं, कारण तो त्या भाषेत ‘जा’ म्हणाला होता. मला ते ऐकूच आलं नाही.

अर्थात ही भाषा येणाऱ्यांचाही घोळ होतो. 14 फेब्रुवारी 2016 ला कॅलिफोर्नियातल्या माउंटन व्ह्यूमध्ये गूगलची गाडी रस्त्याच्या उजव्या कडेने वळायला चालली होती. वाटेत गटाराच्या तोंडाशी वाळूची पोती रचलेली दिसली, म्हणून ती पुन्हा मधे यायला लागली. मागून बस येत होती. बस आपल्याला जागा देईल असा गाडीने अंदाज बांधला. बसवाल्याला वाटलं असणार, ही थांबेल. गाडीचा वेग ताशी जेमतेम 3 किलोमीटर होता, बसचा साधारण 24. गाडी बसच्या अंगावर घासली, कुणाला लागलं नाही. या प्रकरणातली मला सर्वांत मोलाची वाटणारी ओळ अशी आहे की गाडीत देखरेखीला बसलेल्या माणसानेही आरशात बस पाहिली होती आणि त्यालाही वाटलं होतं की ती थांबेल. ‘मला वाटलं तुम्ही जाल’, ‘मला वाटलं तुम्ही थांबाल’. रस्ता बहुतेक याच दोन वाक्यांवर चालतो.

कंपनीने आपली काही जबाबदारी मान्य केली आणि सांगितलं की यापुढे आमच्या गाड्यांना समजेल, बस आणि मोठी वाहनं सहसा जागा देत नाहीत. वाचून मला दादाच आठवला. ‘बसच्या नादाला लागू नकोस’ हे त्याने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्याच्या ‘कळतं’मधली ही एक ओळ होती जी शब्दांत आली. बाकीच्या किती हजार राहिल्या असतील देव जाणे.

मग साहजिकच वाटतं, शब्दांत कशाला आणायचं? बघून शिकावं. मीही तेच करून पाहिलं. एक वही केली. दादाच्या शेजारी बसून तो कधी ब्रेक लावतो, कधी वेग वाढवतो याच्या नोंदी घ्यायची. आठवड्याने वही चाळली तर निष्कर्ष निघाला: पुढच्या गाडीचे लाल दिवे लागले की दादा ब्रेक लावतो. दादा हसून म्हणाला, “अगं, दिवे लागायच्या आधीच माझा पाय उचललेला असतो.” मला दिवे दिसत होते, म्हणून मी दिवे लिहिले.

ही वही यंत्रांनीही केली आहे, माझ्यापेक्षा कितीतरी आधी. 1980 च्या दशकाच्या अखेरीस कार्नेगी मेलन विद्यापीठात डीन पॉमरलो यांनी एका व्हॅनला माणसाचं स्टिअरिंग बघून शिकायला लावलं. व्हॅनला दिसणारं चित्र होतं अवघ्या 30 गुणिले 32 ठिपक्यांचं, आजच्या फोनवरचा एखादा आयकॉनसुद्धा त्याहून स्पष्ट असतो. तरी ती शिकली. एकदा मात्र पुलावर आल्यावर ती भांबावली. ती रस्ता ओळखत होती तो कडेच्या गवतावरून, आणि पुलावर गवत कुठून येणार? तिने तर बिचारीने लाल दिव्यांसारखंच जे समोर दिसलं ते लिहून घेतलं होतं.

याच जातीचा आणखी एक घोटाळा 2019 मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातल्या संशोधकांनी मांडला. समजा, यंत्राला शिकवताना दाखवलेल्या चित्रात गाडीच्या डॅशबोर्डावर ब्रेकचा दिवाही दिसतोय. माणूस समोर पादचारी बघून ब्रेक दाबतो आणि दिवा लागतो. यंत्र शिकतं की दिवा लागला की ब्रेक दाबायचा. जास्त माहिती दिली म्हणून ते जास्त चुकतं! मी माझी वही काढून बघितली आणि तिला मनातल्या मनात नमस्कार केला.

पण बघून शिकण्यातली खरी अडचण यापेक्षा खोल आहे, आणि ती मला स्टिअरिंगवर बसल्यावरच समजली. दादा गाडी इतकी सरळ चालवायचा की ती वाकडी जाऊ लागली तर काय करायचं हे त्याच्या शेजारी बसून मला कधी दिसलंच नाही. चांगला चालक संकटात सापडत नाही, म्हणून संकटातून बाहेर कसं यायचं हे तो दाखवत नाही. पॉमरलोंनाही हेच नडलं होतं. मग त्यांनी चित्रं मुद्दाम बाजूला सरकवून व्हॅनला भास करून दिला की आपण कडेला गेलोय, आणि तिथून परत यायला शिकवलं. 2018 मध्ये वेमोच्या संशोधकांनी, म्हणजे गूगलच्याच त्या प्रकल्पाच्या पुढच्या अवताराने, चांगल्या चालकांची तब्बल 3 कोटी उदाहरणं यंत्राला दाखवली. नुसतं तेवढ्यावर ते यंत्र रस्त्याच्या कडेला उभ्या गाडीपाशी एकतर अडकून पडायचं नाहीतर तिच्यावर जाऊन आदळायचं. शेवटी त्यांनाही खोट्या चुका आणि खोट्या टकरी रचून दाखवाव्या लागल्या. तीन कोटी वेळा बरोबर बघूनही चूक म्हणजे काय ते समजत नाही, याचं मला का कोण जाणे, जरा बरंच वाटलं.

इथवर मी हे सगळं मजेत वाचत होते. 18 मार्च 2018 च्या रात्री ॲरिझोनातल्या टेंपी शहरात जे झालं ते मजेत वाचता येत नाही. सायकल हातात धरून रस्ता ओलांडणारी एक बाई उबरच्या चाचणी-गाडीखाली सापडून गेली. धडकेच्या 5.6 सेकंद आधी गाडीने तिला टिपलं होतं. मग ही मोटार आहे, का आणखी काही आहे, का सायकल आहे, असं गाडीचं मत बदलत राहिलं, आणि दर वेळी मत बदललं की आधीचा सगळा माग पुसून पुन्हा नव्याने अंदाज सुरू. शिवाय झेब्रा क्रॉसिंग सोडून कुणी पायी रस्ता ओलांडेल, हे त्या प्रणालीच्या रचनेत धरलंच नव्हतं. देखरेखीला बसलेल्या व्यक्तीचं लक्ष फोनवर होतं. तो दोष वेगळा आणि मोठा. पण मला झोप लागू दिली नाही ती या रचनेने. काळोखात पुढे काहीतरी हलतंय एवढं दिसलं की आपला पाय ब्रेकवर जातो. ते काय आहे हे आपण नंतर ठरवतो. आणि लोक जिथून ओलांडू नये तिथूनच ओलांडतात, हे तर ‘कळतं’मधलं पहिलं अक्षर. नियम पाळणाऱ्या त्या गाडीने सगळं जग नियम पाळतं असं धरलं होतं. तिसऱ्या आठवड्यातली मी, अगदी तीच.

तेव्हा गाडी माणसासारखी वागली पाहिजे, हे उघडच आहे असं मला वाटू लागलं. मग टेस्लाची बातमी वाचली.

फेब्रुवारी 2022 मध्ये टेस्लाने अमेरिकेत 53,822 गाड्या दुरुस्तीसाठी ‘परत मागवल्या’. प्रत्यक्षात एकही गाडी कुठे गेली नाही, सॉफ्टवेअर बदललं. दोष असा होता की चारही बाजूंना थांबण्याची पाटी असलेल्या चौकात या गाड्या पूर्ण न थांबता, ताशी 9 किलोमीटरपर्यंतच्या वेगाने सरकत पुढे जायच्या. कधी? त्या भागात वेगमर्यादा कमी असेल, जवळपास चालती गाडी नसेल, पादचारी नसेल, सायकलवाला नसेल, नीट दिसत असेल, तर. मी ती यादी दोनदा वाचली. हे दादाचं ‘कळतं’ होतं. शब्दाला शब्द. रिकाम्या चौकात दादा कधी पूर्ण थांबलेला मी पाहिलेला नाही, आणि तो या अटी पाळतो की नाही हे त्याला विचारलं असतं तर एकही अट सांगता आली नसती. पहिल्यांदा कुणीतरी त्या स्वच्छ लिहून काढल्या होत्या. लिहिल्याबरोबर तो गुन्हा ठरला.

नियामक चुकले असं मला वाटत नाही. पण दादाचं चालतं आणि गाडीचं का चालत नाही, याचं उत्तर शोधायला मला बरेच दिवस लागले. आता जे सुचलंय ते असं: दादा दर वेळी नव्याने ठरवतो. चुकला तर तिथेच, त्या चौकात, पडलेला चेहरा घेऊन उभा राहतो, पोलिसाने पकडलं तर दंड भरतो. त्याचा नियमभंग त्याच्यापुरता असतो आणि त्याच दिवशी संपतो. 53,822 गाड्यांनी मात्र एकदाच ठरवलं होतं, कुठल्यातरी बैठकीत, शांतपणे, चहा घेत. आपण रस्त्यावर एकमेकांना जी सूट देतो ती पळून चाललेल्या क्षणाला दिलेली असते. आधी लिहून काढलेल्या वाक्याला ती देता येत नाही.

दंड तरी कुणाला करायचा? सप्टेंबर 2025 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन ब्रुनोच्या पोलिसांनी वेमोच्या एका गाडीला यू-टर्न घ्यायला मनाई असताना तो घेतला म्हणून थांबवलं. गाडी निमूट थांबली, पण आत कुणी नव्हतं. पावती फाडता येईना, कारण पावतीपुस्तकात रोबोसाठी रकानाच नव्हता. लोकांनी यावर विनोद केले. मला त्या पोलिसाची जागा ओळखीची वाटली. ‘तूही अशी कशी वळलीस?’ हे तो म्हणणार कुणाला?

‘कळतं’ लिहून काढण्याचे सभ्य प्रयत्नही झाले आहेत. मोबिलआय या कंपनीच्या लोकांनी 2017 मध्ये सुरक्षित अंतराची गणितं मांडली आणि त्याबरोबर काही साधे नियमही. त्यातला एक मला पाठ आहे: अग्रक्रम दिला जातो, घेतला जात नाही. आपल्याकडे हक्क असला तरी समोरच्याने तो मानला नाही तर धडकायचं नाही. टेंपीच्या गाडीला एवढंच माहीत असायला हवं होतं. 2019 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या एका गटाने मानसशास्त्रातून एक माप उसनं घेतलं: माणूस किती स्वार्थी आणि किती दिलदार. समोरचा चालक या मापावर कुठे बसतो याचा त्याच्या चालीवरून अंदाज बांधायचा. त्यांचा दावा होता की असं केल्यावर समोरचा पुढे काय करणार याचं भाकीत 25 टक्क्यांनी सुधारलं. दादा हेच काम ‘हा जरा आगाऊ दिसतोय’ या चार शब्दांत करतो, आणि त्याची टक्केवारी कुणी काढलेली नाही.

नजरेचं काय, असंही लोक विचारतात. पादचारी आणि चालक एकमेकांकडे बघतात, मान हलवतात. रिकाम्या सीटकडे बघून कुणी कसं ओलांडायचं? 2017 मध्ये फोर्ड आणि व्हर्जिनिया टेक विद्यापीठाने यासाठी चालकाला चक्क सीटचं सोंग दिलं. माणूस सीटच्या कव्हरात लपून गाडी हाकतोय, काचेवर दिव्यांची पट्टी संदेश देतेय, आणि बघणाऱ्याला वाटतंय की आत कुणीच नाही. संशोधन गंभीर होतं. पण त्या सीटच्या आत घामाघूम होऊन बसलेल्या माणसाचाच विचार माझ्या डोक्यातून जात नाही. गाडी माणसासारखी वागेल तेव्हा वागेल, तोवर माणूस सीटसारखा वागायला शिकला होता.

आणि हॉर्न! 2024 च्या उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोत वेमोच्या गाड्या रात्री एका मोकळ्या जागेत येऊन उभ्या राहू लागल्या. कुणी मागे घेत अंगावर आलं तर हळूच हॉर्न वाजवावा असं त्यांना नुकतंच शिकवलेलं. आता तिथे सगळ्या त्यांच्याच बहिणी. एक मागे येई, दुसरी हॉर्न वाजवे, मग तिसरी. पहाटे चार वाजता, एकाही माणसाशिवाय, गाड्यांची आपसात भांडणं. शेजारच्या इमारतीतल्यांची झोप उडाली. कंपनीने मग सॉफ्टवेअर बदललं. माणसांसारखं वागणं शिकवायचं म्हटलं की हेही आलंच.

दादा आता फारसं चालवत नाही. मी चालवते, तो शेजारी बसतो आणि त्याचा उजवा पाय अधूनमधून चटईवर दाबला जातो. परवा त्याच सिग्नलपाशी आलो, जिथे मला मागून ठोकलं होतं. दिवा पिवळा झाला. थांबता आलं असतं. आरशात बघितलं तर मागची गाडी जवळ होती, आणि तिच्या येण्यात थांबायचा काही विचार दिसत नव्हता. मी गेले.

“बरं केलंस,” दादा म्हणाला. मग थोड्या वेळाने, “तो थांबणार नव्हता हे कसं ओळखलंस?”

मी तोंड उघडलं आणि मिटलं. आम्ही चौक ओलांडेपर्यंत दिवा पिवळाच होता का, ते दोघांपैकी कुणीच बघितलं नव्हतं.